मी हूक सोडला नव्हता

मी एक जुनी कडी आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात, हे मला माहीत आहे. मला उसासे टाकायचे नाहीत. माझ्यावर एक आळ आला होता. तो खोटा होता. तो कसा आला, एवढंच मला सांगायचं आहे.

धारवाडला केलगेरीच्या तळ्याजवळ एक पांढरी व्हॅन उभी असते. तिच्यात झोपायला बाक आहेत, चहा करायला ओटा आहे. गाडी उभी केली की तिचं छप्पर पुढच्या बाजूनं वर उचलता येतं. मागं दोन बिजागऱ्या आहेत, तिथं ते अडकलेलं राहतं. छप्पर वर गेलं की चारी बाजूंनी कनातीचं कापड उलगडतं आणि वरती छोटासा माळा तयार होतो. निघायच्या वेळी छप्पर खाली ओढायचं, कनात आत घ्यायची, आणि पुढच्या दोन कड्या खालच्या दोन हुकांत अडकवून त्यांचे दांडे दाबायचे. उजवीकडं एक कडी, डावीकडं एक. डावी ती मी.

ही गाडी हुबळीच्या एका शेडमध्ये सदाशिवनं बांधली. बांधून घेतली ती यशपाल आणि माया या भावाबहिणीनं, आपल्या वडिलांसाठी. त्यांचे वडील आप्पासाहेब रेल्वेत गार्ड होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या प्रवासाला हिरवी झेंडी दाखवली आणि स्वतः मात्र ड्युटी सोडून कुठं गेले नाहीत. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी डॅशबोर्डावर पंचशीलाचा पंचरंगी झेंडा लावला, पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "आता मी पाशिंजर."

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. गाडी मायाकडं असायची. माया धारवाडच्या एका शाळेत शिकवते. तिनं मला कधी हिसका दिला नाही. आधी ती स्टुलावर चढून कनात सगळीकडून आत खोचायची. मग हुकाभोवतीची धूळ पुसायची. मग छप्पर खाली घेऊन आधी मला लावायची, मग उजवीला. महिन्यातून एकदा आमच्या सांध्यात तेलाचा थेंब आणि छपराखालच्या रबराला पावडर. एखाद्या दिवशी मी घट्ट लागले तर ती जोर करत नसे. "काय अडलं गं?" असं पुटपुटत पुन्हा छप्पर उचलून बघायची. बहुतेक वेळा कनातीची घडी मध्ये आलेली असायची. तिची मुलगी आरुषी खाली उभी राहून कान देऊन ऐकायची आणि दोन्ही खटके वाजले की ओरडायची, "झालं! अज्जा, झेंडी दाखवा!"

मग यशपालला बढती मिळाली, त्याचा गोतावळा वाढला आणि गाडी त्याच्याकडं जास्त राहू लागली.

यशपाल वाईट माणूस नाही. पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही आणि बहिणीचं ऐकता येत नाही. ज्यानं मागितली त्याला त्यानं गाडी दिली. लोकांनी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. रबराला भेगा पडल्या. दोन पावसाळ्यांचं पाणी त्या भेगांतून आत झिरपलं आणि माझा हूक ज्या प्लायवुडवर बसवलेला होता ते प्लायवुड आतून फुगलं. वरून रंग चांगला दिसत होता. वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं, आणि बघत तर कुणीच नव्हतं.

त्यातच यशपालनं देशपांडे नगरात घर बांधायला काढलं. दाराच्या चौकटीसाठी अळणावरहून सागवानी फळ्या आणायच्या होत्या. त्यासाठी टेम्पो करता आला असता. यशपालनं फळ्या आमच्या छपरावर बांधल्या. मित्रांनो, हे छप्पर फायबरचं आहे. हातानं उचलता यावं म्हणून ते हलकं केलेलं असतं. फळ्यांच्या वजनानं मागच्या बिजागऱ्या वाकल्या आणि अख्खं छप्पर बोटभर उजवीकडं सरकलं.

पुढच्या खेपेला माया छप्पर बंद करायला गेली, तेव्हा उजवी कडी हुकापर्यंत पोचेना.

"अण्णा, हे सरकलंय," ती म्हणाली. "मागं काहीतरी वाकलंय. सदाशिवकडं नेऊ या."

"सरकतंय कशाला? तुला जोर नाही. हो बाजूला."

यशपालनं उजवीचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. ती करकरली. मी शेजारून ऐकत होते. दार अडलं तर माणसं बिजागरी बघतात, कुलूप अडलं तर किल्ली बघतात. आमच्या बाबतीत मात्र जो तो दंड फुगवतो. त्यानं पाना आणला आणि दांड्यावर हाणला. तिसऱ्या घावाला दांडा मोडला. माझी जोडीदारीण तिथं संपली.

"हलका माल," यशपाल म्हणाला. त्यानं नायलॉनची दोरी आणली, छपराच्या कडेला आणि खालच्या हुकाला गाठ मारली. "बघ, बसलं की नाही?"

"दोरीवर गाडी चालवणार तू?"

"दोरीवर कुठं? दुसरी कडी आहे की अजून."

दुसरी कडी म्हणजे मी.

त्यानंतरच्या रविवारी अळणावरला नात्यातलं लग्न होतं. माया सकाळीच म्हणाली, ही गाडी नको, बसनं जाऊ. पण आप्पासाहेब इस्त्रीचा सदरा घालून केव्हाचे पुढच्या सीटवर बसले होते. यशपालनं त्यांच्याकडं बोट दाखवलं. "त्यांना उतरव आणि सांग बसनं चला म्हणून. सांगतेस?" माया आरुषीला घेऊन मागं बसली.

जाताना मी धरलं. परत येताना, दुपारी, वारा समोरून होता. छपराची पुढची कड वारा पकडायला लागली. दोरी सैल झाली होती. सगळी ओढ माझ्यावर आली आणि माझ्याखालचं प्लायवुड हलू लागलं. मला तोंड नाही, म्हणून मी वाजले. जितकं वाजता येईल तितकं वाजले.

मायानं ऐकलं. "अण्णा, गाडी थांबव. कडी वाजतीय."

"आलंच की आता धारवाड."

थोड्या वेळानं पुन्हा, "अण्णा, छप्पर हलतंय. बाजूला घे."

आप्पासाहेब मागं वळून म्हणाले, "गाडी चालवताना त्याला बोलू नको गं, माया."

तिसऱ्यांदा ती ओरडली, "थांबव म्हणते ना! लेकरू आहे मागं!"

त्याला राग आला. रागावलेला माणूस थांबला असता तर बरं झालं असतं. यशपालनं वेग वाढवला. समोरून एक बस भरधाव आली आणि तिच्या वाऱ्याचा तडाखा छपराखाली शिरला. माझ्या हुकाचे स्क्रू कुजलेल्या लाकडातून उपटून निघाले. उजवीकडच्या दोरीची गाठ सुटली, छप्पर ताडकन वर गेलं, कनात टराटरा फाटली. आरुषीनं घाबरून छप्पर खाली ओढायचा लोंबता पट्टा धरला. छपरानं तिला बाकावरून वर ओढलं. मायानं तिला कमरेला मिठी मारून खाली खेचलं, तेव्हा पट्ट्यात गुंतलेला तिचा हात मुरगळला. ती जी किंचाळली, ते मला अजून ऐकू येतं.

गाडी थांबली. रस्त्याकडेला लक्कव्वा नावाची बाई पेरू विकत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. आरुषीचा हात बघून तिनं तोंडावर पदर घेतला आणि मग यशपालवर कन्नडमध्ये जी तुटून पडली, ती थांबेचना. "लेकरू आत बसलंय आणि दोरीनं बांधलेली गाडी हाकतोस होय रे? डोळं आहेत का गारगोट्या?"

यशपालचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तो काय म्हणाला ऐका. तो म्हणाला, "कडी सुटली. मी काय करणार? कडीनंच दगा दिला."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. लोखंडाला रडू येत नाही, पण ते तापतं.

मायानं आरुषीला आप्पासाहेबांच्या मांडीवर दिलं. ती गाडीत चढली, वर गेलेलं छप्पर हातानं खाली ओढलं आणि मला भावाच्या तोंडासमोर धरलं. माझ्या फासात हूक तसाच होता. त्याला दोन स्क्रू होते आणि स्क्रूंना काळं पडलेलं लाकूड चिकटलेलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. हिनं सोडलं नाही. तिच्याखालचं लाकूड निघालं, तरी हिनं हूक सोडलेला नाही. दगा कुणी दिला ते बोल आता."

यशपालनं गाडीची किल्ली पुढं केली नाही. मायानंच ती त्याच्या हातातून घेतली.

आरुषीच्या हाताला प्लास्टर घातलं. छप्पर दोरखंडानं आवळून गाडी हळूहळू हुबळीला सदाशिवच्या शेडमध्ये नेली. यशपालनं त्याला आधीच फोन करून ठेवला होता, जुन्या कड्या फेक आणि दोन जाडजूड नव्या बसव म्हणून. सदाशिव स्क्रूड्रायव्हर घेऊन सरळ माझ्याकडंच आला.

"थांबा," माया म्हणाली. "आधी मागच्या बिजागऱ्या बघा."

"एन आगोदिल्ल अक्का, काही होत नाही त्यांना. कडी बदलली की झालं."

"झालं? नवी कडी त्याच कुजक्या लाकडावर बसवणार? माझी पोरगी आत होती, सदाशिव अण्णा. मी इथून हलणार नाही. उघडा मागचं."

सदाशिव चिडला, पण त्यानं उघडलं. बिजागऱ्या वाकलेल्या होत्या. मग त्यानं रबर उचकटलं. खालचं प्लायवुड बोटानं कोरता येत होतं. त्यानं माझा हूक तळहातावर घेऊन बघितला. लाकडात जेमतेम शिरतील एवढेच स्क्रू होते ते. ते त्यानंच लावले होते.

"इथं आरपार बोल्ट पाहिजे होता," तो खाली बघत म्हणाला.

"होता ना? मग तेव्हा का नाही घातलात?"

मायानं त्याला सोडलं नाही. नव्या बिजागऱ्या, नवं रबर, हुकाखाली लोखंडी पट्टी, पट्टीतून आरपार बोल्ट, हे सगळं तिनं शेडमध्ये खुर्ची टाकून, समोर बसून करवून घेतलं. छप्पर सरळ बसल्यावर उजवीकडं नवी कडी लागली. माझी पाळी आली तेव्हा सदाशिवनं मला हातात फिरवलं, सांधा ताणून बघितला, भिंगातून कुठं चीर दिसते का ते तपासलं आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही." मी परत माझ्या जागी बसले.

यशपाल शेवटच्या दिवशी आला. सोबत आप्पासाहेब आणि आरुषी होते. तो गाडीभोवती फिरला, नव्या पट्टीवर बोट फिरवलं आणि उगाच मोठ्यानं म्हणाला, "आता कशी भक्कम झाली! आधीच असा माल लावला असता तर ही वेळच आली नसती."

मायानं मूठ आवळली. तेव्हा आरुषी, गळ्यात हात अडकवलेली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, आईनं तीनदा सांगितलं थांबव म्हणून. तुला ऐकू आलं नव्हतं?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. नाही म्हणाला असता तर तिनं विश्वास ठेवला असता, कारण तिचा मामावर जीव आहे.

यशपालनं मायाकडं बघितलं, आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेबांनी मान खाली घातली.

"आलं होतं," तो म्हणाला.

आरुषीनं मान हलवली आणि ती गाडीत जाऊन बसली. यशपाल बराच वेळ बाहेर उभा होता. मग तो मागच्या बाकावर जाऊन बसला, तिच्या प्लास्टर नसलेल्या बाजूला. गाडी मायानं चालवली.

तुम्ही म्हणाल, मग आता राग कशाला? त्याचं उत्तर साधं आहे. आरुषीचा हात अजून पूर्ण वर जात नाही. आणि माझ्यासारख्या कड्या, बिजागऱ्या, खिळे, साखळ्या तुमच्या घरात, शाळेत, झोपाळ्यांवर, बसच्या दारांवर हजारो आहेत. त्या अडतात, करकरतात, वाजतात. तुम्ही त्यांना ओढता, ठोकता, दोरीनं बांधता आणि तुटल्या की हलक्या म्हणता. मित्रांनो, मला दया नको, तेलाचा थेंबही एक वेळ नको. एखादी वस्तू लागेनाशी झाली तर जोर करायच्या आधी वाकून बघा. मध्ये काय अडकलंय, काय वाकलंय, खालचं लाकूड धड आहे का ते बघा. आणि गाडीत मागून कुणी थांब म्हणालं, तर थांबा. ते कोण म्हणतंय, ते नंतर बघा.