नटायच्या खोलीतला वारा

यावर कोणाचाही विश्वास बसायचा नाही. बोगोसाव, तू तर ट्रक हाकून सगळा मुलूख पालथा घातलेला माणूस, तुझा मुळीच बसायचा नाही. पण ग्लास भरून घे आणि गप ऐक.

आपल्या व्हर्शाट्समध्ये, टेकडीखालच्या त्या राखाडी इमारतींपैकी एकीत, चौथ्या मजल्यावर विदोसावा राहायची. नवऱ्यामागे एकटी. घर केवढं? मांजराने आळस दिला तर शेपूट शेजारणीच्या सूपच्या वाडग्यात बुडेल एवढं. पण त्याला एक गॅलरी होती. नवऱ्याने जाण्याआधी आपल्या हाताने तिला काचा बसवल्या होत्या. तिथे एक खुर्ची. रोज सकाळी विदोसावा कॉफी घेऊन त्या खुर्चीत बसायची, टेकडीवरचा बुरूज बघायची, आणि खालून जाणाऱ्याच्या नुसत्या चालीवरून त्याच्या घरी काल कशावरून वाजलं ते ओळखायची. बाईचं सगळं राज्य त्या खुर्चीएवढं.

मग पांचेवोहून तिची धाकटी जाऊ आली, झागोर्का. घरचे नळ दुरुस्त होईपर्यंत राहते, म्हणाली. नाव नळाचं, आणि सामान कसलं? कोट! कोल्ह्याच्या कातड्याचा, मेंढीच्या कातड्याचा, मखमली कॉलरचा, बिनकॉलरचा. जिन्यातून ते वर चढताना शेजारच्या मिलेवाला वाटलं, इमारतीत सर्कस उतरली.

एके दिवशी विदोसावा दात काढून घ्यायला गेली. अर्धं तोंड बधिर घेऊन परतली तर गॅलरीच्या काचा दिसेनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत दांडी, दांडीवर कोट, खाली बुटांच्या रांगा, पुढे फुलाफुलांचा पडदा.

"खुर्ची कुठाय?"

"ती खिळखिळी? कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली, जाऊबाई. कोणीतरी लगेच उचललीसुद्धा! अहो, हल्ली घराघरात नटायची खोली असते. तुमच्याकडेच नव्हती."

"आणि मी कॉफी कुठे प्यायची?"

"स्वयंपाकघरात. तुमच्या वयाला काय, भिंत काय अन् टेकडी काय!"

विदोसावा बधिर गाल धरून स्वयंपाकघरात जाऊन बसली. झागोर्काला हाताला धरून बाहेर काढणं सोपं होतं, पण संत निकोलाचा दिवस तोंडावर आलेला, म्हणजे त्यांच्या घराण्याची स्लावा, कुळाच्या संताचा सण. त्या दिवशी न बोलावता आलेल्यालासुद्धा दारातून परत पाठवत नाहीत. मग सख्ख्या दिराच्या बायकोला हाकललं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. तेव्हा हाकलायचं तर नाही, पण गॅलरी परत घ्यायची. आणि घेताना झागोर्काच्या डोळ्यांत पाणी बघायचं. नुसती गॅलरी मिळाली तर विदोसावाचं पोट भरणार नव्हतं.

आता प्रोमायाचं सांगायला हवं. घरात दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या की मधून जो वारा आरपार जातो, तो प्रोमाया. डॉक्टर काय वाटेल ते म्हणोत, आपल्याकडचं अर्धं कबरस्तान त्यानेच भरलंय. झागोर्का तर अशी, की कोणी गरम सूपवर फुंकर मारली तरी मानेला रुमाल गुंडाळायची.

"अगं, नटायची खोली आणि आरसा वीतभर?" दुसऱ्या दिवशी विदोसावा म्हणाली, इतकं गोड की झागोर्काने तिथेच सावध व्हायला हवं होतं. "थांब, मीच तुला सगळं नीट लावून देते."

तिने स्वतःच्या खोलीतला माणसाएवढा आरसा ओढत आणला आणि गॅलरीच्या दाराशी उभा केला. मग एका काचेच्या कडेची पुट्टी केसातल्या पिनेने खरवडून काढली. समोर स्वयंपाकघराच्या भिंतीत जुन्या शेगडीच्या नळकांड्याचं भोक होतं, त्यात चिंधी कोंबलेली. ती थोडी ओढून सैल केली. या फटीतून त्या भोकात जो वारा धावेल तो आरशापुढे उभ्या असलेल्या बाईच्या बरोबर मानेला चाटून जाणार. आणि झागोर्का आरशापुढे न्याहारीला उभी राहिली की जेवायलाच हलायची!

थोड्याच दिवसांत तिची मान डावीकडे वळली ती वळलीच. बाजारात भाजीवाल्याशी बोलायची, पण बघायची खाटकाकडे. शेवटी खाटकाने लाजून तिला फुकट सॉसेज बांधून दिलं.

"जाऊबाई, या घरात कुठेतरी प्रोमाया आहे!"

"तुझ्या एवढ्या कोटांतून वारा? त्याला वाट तरी सापडेल का?"

झागोर्काने राकियाच्या दारूत भिजवलेली फडकी बांधली, कोबीची पानं बांधली. घराला लोणच्याच्या पिंपाचा वास सुटला.

"मग घरी जा बाई," विदोसावा कळवळून म्हणाली, "नळ झाले असतील एव्हाना."

"आणि ही खोली सोडू? मी जिना उतरायच्या आत तुम्ही नवी खुर्ची मांडाल! मान तुटली तरी चालेल, दांडी नाही काढणार."

मग स्लावा आली. मासा तळला, गहू शिजवून गोड केले, मेणबत्ती लावली. पाहुणे आले, पाद्रीबाबा आले. झागोर्का वाकड्या मानेने एकेकाचा कोट काढून घेई आणि पडदा सारून दाखवी, "मी केली ही खोली!"

"बाई बाई, काय सुरेख!" मिलेवा म्हणाली आणि विदोसावाकडे वळली. "तुझ्याकडे गॅलरी वायाच चालली होती हो."

विदोसावाने हसून तिच्या ताटात आणखी एक माशाचा तुकडा वाढला. आत मात्र ती आता उकळत होती.

बाहेर कोशावाचं वादळी वारं सुटलं होतं. आपली कोशावा काय सांगायची! कुत्री खांबाला मिठी मारून भुंकतात. झागोर्का कोल्ह्याचा कोट घालून, वरपासून खालपर्यंत बटणं लावून आरशापुढे मिरवत होती. "बघा, पाठीवर कसा बसलाय!"

पाहुण्यांचे कोट विदोसावाने मागच्या मागे पलंगावर नेऊन टाकले होते. उट्टं काढतानाही पाहुणचार सोडू नये. मग ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली, भोकातली चिंधी उपटली, खिडकी सताड उघडली आणि परत आली.

"झागोर्का, आत फार उकडतंय गं. तुझ्या बाजूची काच जरा सरकवते हं."

आणि सरकवली.

कोशावा आत शिरली. दांडीवरच्या कोटांच्या बाह्या फुगल्या, कॉलरी ताठ झाल्या, कोट खाली उतरले आणि हातात हात घालून त्यांनी टेबलाभोवती एक फेर धरला. मग ओळीने गॅलरीतून बाहेर. सर्वांत पुढे कोल्ह्याचा, आणि त्याच्या आत झागोर्का!

"धरा मला! कोणीतरी धरा!"

खोलीत एवढी धडधाकट माणसं, पण एकाने हात पुढे केला असेल तर शपथ. सगळ्यांचे हात आपापल्या मानेवर! "प्रोमाया! बंद करा! प्रोमाया!" एवढंच ओरडत होते. पाद्रीबाबा तर दोन्ही कान झाकून टेबलाखाली.

बुरुजाला वळसा घालताना झागोर्का ढसाढसा रडत होती. "जाऊबाई! दांडी काढते! खुर्ची आणून देते!"

विदोसावा गॅलरीत उभी राहिली. आता मधे एकही कोट नव्हता. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. ती काठावर रेलली आणि ओरडली, "सावकाश जा गं! आणि नळ झाले का ते कळव!"

एका दमात झागोर्का पांचेवोला पोचली. आपल्याच दारात उतरली, नवरा पाना हातात घेऊन नळाशी बसलेला, आणि...

"खोटं!" बोगोसावने टेबलावर मूठ आपटली. "साफ खोटं! कोशावा इथून झ्रेन्यानिनकडे वाहते. पांचेवो दुसऱ्याच अंगाला! जन्म गेला माझा त्या रस्त्यांवर. कोशावा धरून पांचेवोला आजवर एकही बाई पोचलेली नाही!"