गिरकीची वजाबाकी

लाल कोट चढवला की त्याला स्वतःची किळस यायची आणि निळा चढवला की जगाची. लाल कोट गणिताचा, निळा इंग्रजीचा. माणूस एकच. ऐन उमेदीत ज्याने रंगमंचावर राजे रंगवले, भरल्या नाट्यगृहात नुसतं गप्प उभं राहून लोकांचे श्वास अडकवले, तो नट आता हिरव्या पडद्यासमोर डोळे बशीएवढे करून म्हणत होता, "अरेच्चा! कोण आलं बघा! धिस इज अ हेन!" कोंबडी अर्थातच तिथे नसायची. ती नंतर संगणकावर चिकटवायचे.

पोरं त्याला आकडेमामा म्हणत. घरोघरी मोबाइलवर, टॅबवर त्याचे धडे चालत आणि आईबाप निवांत आपापली कामं उरकत. पोरांना गुंतवून ठेवायला एक विदूषक मिळाला की झालं, असं त्याचं या आईबापांबद्दलचं मत होतं. पोरांबद्दलचं मत त्याहून वाईट होतं.

आणि मालक? मिसरूड फुटण्याआधी कंपनी काढलेला तो पोरगा मुलांना मुलं म्हणतच नसे. "युजरला कंटाळा येता कामा नये," एवढंच त्याचं शिक्षणशास्त्र. धडे लिहायच्या त्या एक बाई. पूर्वी शाळेत शिकवायच्या. दोनदोन ओळींसाठी मालकाशी तावातावाने भांडायच्या, आणि शेवटी त्या ओळी कापल्याच जायच्या. नटाला त्यांचीही कीव यायची. असल्या कोंबड्या-बदकांसाठी कोणी भांडतं का? तो स्वतः कॅमेऱ्यापुढच्या काचेवर सरकणारी अक्षरं वाचायचा, हातवारे करायचा, कोट काढून खुंटीला टांगायचा आणि घर गाठायचा. आपण काय वाचलं हे दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेला असायचा.

एकदा मालकाच्या डोक्यात थेट प्रक्षेपणाचं खूळ शिरलं. आकडेमामा समोरासमोर शिकवणार, पोरं तिथल्या तिथे लिहून उत्तरं पाठवणार. विषय वजाबाकी. बाई नेमक्या तापाने घरी पडलेल्या, पण धडा लिहून दिलेला होता.

सुरुवात झकास झाली. फळ्यावर आकडे उमटले: बावन्न वजा सत्तावीस. लाल कोटातला मामा टाळ्या वाजवत काचेवरचं वाचत होता. "दोनातून सात जात नाहीत. मग आता आपण काय करायचं बरं?"

आणि काच तिथेच थिजली. अक्षरं पुढे सरकेनात.

त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा लाडिकपणे. अक्षरं ढिम्म. काचेमागे कोणीतरी धावपळ करत होतं. लहानपणी आपल्याला काहीतरी शिकवलं होतं एवढं त्याला पुसटसं आठवत होतं. कुठून तरी काहीतरी उसनं घ्यायचं असतं. पण कुठून आणि किती, ते काही केल्या आठवेना. हिशेबाचं काम जन्मभर त्याने दुसऱ्यावर ढकललं होतं. पण संवाद विसरल्यावर रंगमंच कसा सांभाळायचा हे त्याच्या रक्तात होतं. नटाने थांबायचं नाही, बस.

"आपण... गिरकी घ्यायची!" तो गरजला, आणि टाचेवर गर्रकन फिरला. लाल कोटाचा घेर फुलला. "मामा फिरला की आकडेही फिरतात! दोनातून सात जात नाहीत ना? मग सातातून दोन काढा! पाच! आता पाचातून दोन, तीन! उत्तर आलं पस्तीस! कोणी गिरकी घेतली? सगळे घ्या!"

पोरांनी पाठवलेल्या टाळ्या, फुलं आणि नाचणाऱ्या बाहुल्या पडद्यावर पावसासारख्या कोसळल्या. हजारो पोरं आपापल्या घरात फिरत होती.

मालकाने त्याला मिठी मारली. "जादू केलीत तुम्ही! जादू!"

"उत्तर बरोबर होतं ना?" नटाने घाम पुसत विचारलं.

"आता ते कोण बघतंय?" मालक म्हणाला आणि फोनवर बोलायला निघून गेला.

खरंच कोणी बघितलं नाही. गिरकीची वजाबाकी घरोघरी पोचली. रस्त्यात पोरं त्याला बघून फिरून दाखवू लागली. नट मनातल्या मनात त्यांना आणि त्यांच्या आईबापांना मेंढरं म्हणायचा. सहीसुद्धा द्यायचा.

नाटकं बंद पडल्यापासून तो मोठ्या बहिणीकडे राहत होता. ती रुग्णालयात परिचारिका. पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. तिची मुलगी टिल्ली दुसरीतून नुकतीच तिसरीत गेलेली. एका संध्याकाळी बहीण कामावरून आली ती पर्स खुर्चीवर आपटतच.

"टिल्लीच्या शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं मला. सगळी वजाबाकी चूक. एकूण एक! आणि विचारलं तर वर्गात उभी राहून गिरकी घेते!"

नट चहा पिता पिता थांबला.

"तुझा धडा मी आज नीट बघितला," बहीण म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्याला भीती वाटली. "मी औषधं मोजून देते रे माणसांना. तिथे मी गिरकी घेतली तर काय होईल, सांग बरं."

"ताई, ती काच बंद पडली होती..."

"तोंड बंद ठेवायचं होतंस."

ती हातपाय धुवायला गेली. टिल्ली कोपऱ्यात गणित घेऊन बसली होती, चेहरा फुगलेला. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"टिल्ले, ती गिरकीची पद्धत चूक आहे बरं का."

"तुला काय माहीत?"

"म्हणजे काय? मीच तर ती केली!"

"तू नाही. आकडेमामाने केली." तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. घरातला बनियन, वाढलेली दाढी. "त्याला सगळं येतं. तुला तर माझ्या बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही."

"अगं, तो कोट घातला की मीच आकडेमामा!"

"मग घाल कोट."

"कोट ऑफिसात असतो."

"बघ!" टिल्ली विजयाने म्हणाली.

त्याने बहिणीच्या शिवणाच्या डब्यातली बटणं जमिनीवर ओतली. दोघांनी मिळून बावन्न मोजली. मग सत्तावीस बाजूला काढली. उरलेली टिल्लीने बोट ठेवून ठेवून मोजली. पंचवीस.

"बघ आता!" तो म्हणाला.

टिल्लीने थोडा विचार केला. "दहा बटणं हरवली," ती म्हणाली, आणि सोफ्याखाली शिरली.

तिचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. आत ती हाताने चाचपडत होती, नसलेली दहा बटणं शोधत होती, आणि मनापासून शोधत होती. तो बघत राहिला. आजवर त्याच्या नाटकांवर कोणी एवढा विश्वास ठेवला नव्हता. नाटक संपलं की प्रेक्षक खुर्ची सोडून घरी जायचे. ही पोरगी मात्र त्याच्या तोंडून निघालेल्या थापेसाठी धुळीत सरपटत होती. त्या क्षणी त्याला स्वतःचा जेवढा तिरस्कार वाटला, तेवढा लाल कोटातही कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मालकासमोर उभा राहिला.

"तो धडा काढून टाका. चूक आहे."

"माहितीये," मालक शांतपणे म्हणाला. "बाई तापातून उठल्यापासून रोज तेच सांगतायत. पण काढला तर चूक झाली असं मान्य केल्यासारखं होईल."

"झालीच आहे की!"

"हे बघा, पोरं मोठी झाली की आपोआप शिकतात. आणि हो, पुढच्या थेट धड्यात गिरकीचा गुणाकार करायचाय. काहीतरी बसवा ना छान. दोन गिरक्या वगैरे."

नट तिथून थेट बाईंच्या टेबलापाशी गेला. त्या मान खाली घालून लिहीत होत्या.

"मला वजाबाकी शिकवा," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली. आजवर त्याने सगळ्यांकडे ज्या नजरेने बघितलं होतं, तीच नजर आता त्याला समोरून मिळाली. मग त्यांनी खणातून पेन्सिली काढल्या, दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधले, आणि पाच गठ्ठे आणि दोन सुट्या पेन्सिली त्याच्यापुढे ठेवल्या.

"यातल्या सात सुट्या मला द्या."

त्याने दोन दिल्या आणि तो थांबला. मग त्याचा हात आपसूक एका गठ्ठ्याकडे गेला. रबर निघालं, पेन्सिली टेबलावर पसरल्या.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "मी लिहिलंही होतं. तुम्ही वाचायचात, पण तुम्हाला वाचता येत नव्हतं."

तो पेन्सिली पुन्हा बांधत बसला.

थेट धड्याच्या दिवशी त्याने लाल कोट घातला. टिल्ली दुसऱ्या कुणाचं ऐकणार नव्हती, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. काचेवर अक्षरं सरकू लागली: 'चला, आज दुप्पट मजा, दुप्पट गिरक्या!' त्याने ती वाचली नाहीत. खिशातून पेन्सिलींचे गठ्ठे काढले.

"मुलांनो, आकडेमामा चुकला होता," तो म्हणाला. आवाज लाडिक नव्हता. "त्याला वजाबाकी येत नव्हती, म्हणून तो गोल फिरला. आज तो शिकून आलाय."

त्याने गठ्ठा सोडून दाखवला. एकदा, मग दुसऱ्या आकड्यांवर, मग पुन्हा. काचेमागे मालक दोन्ही हात हलवत होता. पडद्यावर फुलं पडेनात. आईबापांचे निरोप येऊ लागले: 'मुलं गोंधळलीत.' 'आज गिरकी का नाही?' 'पैसे भरलेत आम्ही, करमणूक कुठे आहे?' एकाने तर लिहिलं, 'हा नकली मामा आहे, असली आणा.' नटाला हसू फुटलं. या लोकांना त्याने उगाच मेंढरं म्हटलं नव्हतं. पण त्यांच्या मांडीवर बसलेल्यांना आता त्यात धरणं त्याला जमेना. तो शेवटचं उदाहरण संपेपर्यंत बोलत राहिला. मग मालकाने दिवे घालवले.

मालकाने त्याला काढून टाकलं. कोट तिथेच ठेवून जायला सांगितलं. हा नवा धडा अर्थातच उडवला, आणि गिरकीचा जुना धडा तसाच ठेवला. जाताना बाईंनी पेन्सिलींचे गठ्ठे त्याच्या हातात दिले.

घरी आला तेव्हा टिल्ली वाट बघत होती.

"आज आकडेमामाने नवीन शिकवलं," ती म्हणाली. "गठ्ठा सोडायचा असतो. तुला येतं?"

"येतं."

"दाखव." तिने दाखवून घेतलं, दोनदा. मग तिने बटणं मोजली आणि पंचवीसवर समाधान मानलं. सोफ्याखाली गेली नाही.

महिन्याभरात पडद्यावर दुसरा आकडेमामा आला. तोच कोट, जरा सैल. हा तरुण होता आणि पायात स्प्रिंग असल्यासारखा उड्या मारायचा. टिल्ली मन लावून बघत होती. नट पाठीमागे उभा होता. आता ही पोरगी किंचाळेल, हा खोटा आहे म्हणेल, असं त्याला उगाचच वाटत होतं.

"हा छान फिरतो," टिल्ली म्हणाली. "आधीचा जरा जाडा होता."

बहीण स्वयंपाकघरातून जोरात हसली.

टिल्लीने टॅब बंद केला आणि इंग्रजीचं पुस्तक उघडून त्याच्या मांडीवर टाकलं. "हे शिकव. पण ओरडायचं नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. आणि येत नसेल तर आधीच सांग."

त्याने पान बघितलं. कोंबडीचं चित्र होतं.

"थांब," तो म्हणाला, "मला आधी वाचू दे."

"किती हळू रे तू," टिल्ली वैतागून म्हणाली, आणि गालाला हात लावून बसून राहिली.