पडद्यावरचा आनंद

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कर्णबधिर मुलांच्या त्या छोट्या शाळेत एवढी गर्दी बक्षीस समारंभालाही होत नसे. पण आज गोष्टच तशी होती. ज्या मुलांच्या तोंडून कधी धड शब्द फुटला नव्हता, त्यांच्या मनातलं आज म्हणे सगळ्यांना डोळ्यांनी दिसणार होतं.

व्यासपीठावर चित्रवाले साहेब उभे होते. माहितीचं विश्लेषण हा त्यांचा धंदा, पण लोकांनी त्यांचं बारसं असं करून टाकलं होतं. समोर लॅपटॉप, मागे भिंतभर पडदा.

"मी कोण? कुणीच नाही," साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी फक्त निमित्त. बोलतो तो डेटा. माणूस खोटं बोलेल, डेटा खोटं बोलत नाही. आणि आमच्याकडे लपवाछपवी नाही. पडद्यावरच्या कुठल्याही शब्दावर टिचकी मारा, तो जिथून आला ती वाक्यं उघडतात."

त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर शब्द भुरभुरू लागले, गरगरले, एकमेकांना ढकलत जागेवर बसले. लहान शब्द कडेला, मोठे आत. आणि सगळ्यांच्या मधोमध, दाराएवढ्या हिरव्यागार अक्षरांत: आनंद. भोवती मित्रमैत्रिणी, मैदान, मोठी शाळा.



"माझा पोरगा असं म्हणाला?" एका मुलाची भाजीवाली आई उठून उभी राहिली. "घरी तर ताट आपटण्यापलीकडे काही सांगत नाही मेला."

"ते तोंडातलं, ताई. हे मनातलं."

साहेबांनी दुसरं चित्र लावलं. एकेक मूल म्हणजे एकेक ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेली रेघ थेट आनंदाला जाऊन मिळालेली. "एकमत बघा," साहेब म्हणाले. "तुमच्या घरात भाजी कोणती करायची यावर तरी होतं का असं?" लोक खळाळून हसले.

पहिल्या रांगेतला कुलुपवाला मात्र हसला नाही. तो रडत होता. शेजारी बसलेल्या बाईंना त्याने कोपराने हलवलं. "बघितलंत ना, बाई? माझी खारू बोलली."

बाई याच शाळेच्या शिक्षिका. या मुलांना हातांची भाषा शिकवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. आज या चित्रांच्या जोरावर ही शाळा बंद होणार होती आणि मुलं गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे मैदान होतं, नवे बाक होते, पण हातांची भाषा येणारं एकही माणूस नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला तिथे बसवणं म्हणजे त्याला काचेच्या पेटीत ठेवण्यासारखं होतं.

साहेबांनी मुलांच्या मुलाखती घेतल्या त्या दिवशी बाईंना मुद्दाम प्रशिक्षणाला धाडलं होतं. शिक्षिका समोर असली की मुलं दबावाखाली उत्तरं देतात, असं साहेबांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी खारूने बाईंना हातवारे करून सांगितलं होतं, एक माणूस आला, नुसतं तोंड हलवत होता. मी त्याला सांगितलं, मला ही शाळा सोडायची नाही. त्याने मान डोलावली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्याला बोलावलं.

मग हा आनंद आला कुठून?

बाई उठल्या. जे बोलतील ते त्या सवयीने हातांनीही सांगत, म्हणजे मुलांना कळावं. "साहेब, मुलं तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलली?"

"बाई, भाषेच्या पलीकडे जाण्यासाठीच तर हे तंत्र आहे. छोट्या यंत्रात मुलाखतीचा आवाज भरतो, त्याचा आपोआप मजकूर होतो, मजकुरातले फालतू शब्द गाळले जातात आणि जे वारंवार येतं ते मोठं होतं. शुद्ध गणित."

"मग त्या आनंदावर टिचकी मारा की. वाक्यं वाचू."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "वेळेअभावी ते आज..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत खारू व्यासपीठावर पोचली होती. तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. बाईंच्या हातांवरून तिला कळलं होतं की टिचकी कुठे मारायची. तिने ती मारली.

पडदाभर वाक्यं उघडली. बाईंनी ती मोठ्याने वाचली.

"'मोठ्या शाळेत गेल्यावर तुला आनंद होईल ना, बाळ?' खाली उत्तराची जागा. रिकामी. मग 'तिथलं मैदान, नवे मित्रमैत्रिणी, आनंद होईल ना?' तेही रिकामं. पुढचं मूल: 'मोठ्या शाळेत गेल्यावर तुला आनंद होईल ना, बाळ?' उत्तर रिकामं. त्याच्या पुढचं..."

"अगंबाई," भाजीवाली म्हणाली, "हा तर नुसता साहेबांचाच आवाज."

"तोच," बाई म्हणाल्या, आणि वर्गात गणित समजावून सांगावं तशा सावकाश बोलू लागल्या. "यंत्राने काही पाप केलं नाही. जे कानावर पडलं ते त्याने मोजलं. मुलांनी उत्तरं दिली ती हातांनी, आणि हातांचा आवाज होत नाही. राहिले फक्त प्रश्न. सगळ्यांना तेच प्रश्न विचारले म्हणून सगळ्यांचं एकमत झालं. 'तुला', 'ना' असले शब्द फालतू म्हणून गाळले, त्यामुळे ते प्रश्न होते हेही पुसलं गेलं. पडद्यावर मन आहे खरं, पण साहेबांचं. पटत नसेल तर ही रिकामी खुर्ची घ्या आणि तिची मुलाखत घेऊन बघा. तिलाही आनंदच होईल."

लोक हसले. मग हळूहळू हसू विरलं आणि सगळे खाली बघू लागले.

"ही एक तांत्रिक बाब आहे," साहेब घाम पुसत म्हणाले. "एकूण कल बदलत नाही."

"कुणाचा कल?"

आता शाळेच्या समितीचे अध्यक्ष उठले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बाई, नव्या शाळेचं ठरलंय. बसही ठरली."

"ठरलंच होतं तर मुलांना विचारलं कशाला?"

"विचारावं लागतं."

"मग आता विचारा. मुलं समोर बसली आहेत. त्यांचं मी तुम्हाला सांगते."

"तुम्ही सांगणार म्हणजे तुमचंच म्हणणं आलं. मग साहेबांत आणि तुमच्यात फरक काय?"

"बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बाहेरून हातांची भाषा येणारा माणूस आणा, मला वर्गाबाहेर उभी करा, कॅमेरा लावा. मग तिसऱ्याकडून ते तपासून घ्या. खरं असेल तर तपासल्याने त्याचं काय बिघडणार आहे?"

अध्यक्षांनी आभार मानले आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.

दारात एक कारकून चित्राच्या रंगीत प्रती वाटत होता. त्या आधीच छापून आल्या होत्या. लोक निमूटपणे हात पुढे करत होते. भाजीवालीने तेवढी घेतली नाही, पण उद्यापासून बस कुठे थांबणार हे तिने कारकुनाला विचारून घेतलं. मुलाला घरी ठेवून धंदा होत नाही.

कुलुपवाल्याने प्रत घेतली. तो बाईंजवळ थांबला.

"बाई, माझी पोर आज पहिल्यांदा बोलली होती. तेवढं तरी राहू द्यायचं."

"दादा, ती कधीची बोलतेय. आत्ताही बोलतेय, बघा."

खारू त्याच्यासमोर उभी राहून भराभर हात हलवत होती.

"काय म्हणते?"

"म्हणते, मला तिकडे पाठवू नका. तिथे माझ्याशी कुणी बोलणार नाही. बाबा, तुम्हीही बोलत नाही."

कुलुपवाल्याने तिच्या हातांकडे पाहिलं. मग कागदाकडे. कागदाकडे तो पुष्कळ वेळ पाहत राहिला, त्यावरच्या हिरव्या अक्षरांवरून त्याने अंगठाही फिरवला.

"इथे तर तसं दिसत नाही," तो म्हणाला.

त्याने कागदाची सुरळी केली, काखेत धरली आणि तो रस्त्याला लागला. खारू मागोमाग निघाली. बाई फाटकात उभ्या राहून पाहत होत्या. बाप पुढे चालला होता, लेक त्याच्या पाठीशी हातांनी काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा, आणि पाठीला डोळे नसतात.

कुणी तुमच्यापुढे माणसांच्या मनाचं रंगीत चित्र धरलं, तर ते भिंतीवर लावण्याआधी विचारा की हे शब्द कुणाचे, प्रश्न कुणाचे आणि गाळलं काय. एवढंही विचारायला जमलं नाही, तर निदान मान वळवा. ज्याचं ते मन आहे, तो बहुधा तुमच्या मागेच चालत असतो.