बुजवलेल्या खिडकीखालचा गिझर

मी एक जुना गॅस गिझर आहे. सांगलीत बाळासो नावाच्या घरमालकाच्या भाड्याच्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीवर मी अकरा वर्षे टांगलेला होतो. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. तरी ती शेवटपर्यंत ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक पुस्तिका होती. मला मोकळी हवा असलेल्या जागीच बसवावे, असे तिच्यात ठळक छापले होते. मला बसवणाऱ्याने तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि जाताना ती खोक्यासकट टाकून दिली. तोच इशारा माझ्या अंगावरही चिकटवलेला होता. त्याच्यावर बाळासोने 'पाणी जपून वापरा' असा कागद डकवला.

तरी सुरुवातीची वर्षे चांगली गेली. माझ्या डोक्यावर काचेच्या झडपांची खिडकी होती. माझी ज्योत निळी जळायची. नळ सोडला की लगेच कढत पाणी, म्हणून भाडेकरू माझे कौतुक करायचे.

मग बाळासोने मागच्या बोळात आणखी एक खोली काढली आणि ती खिडकी विटांनी बुजवून टाकली. तेव्हापासून माझी ज्योत पिवळी पडली. धूर दिसत नव्हता, वासही येत नव्हता. पण माझ्यातून आता विषारी वायू बाहेर पडत होता. एका भाडेकरू बाईंना आंघोळ करताना दोनदा चक्कर आली.

"पित्त असंल वहिनी. चा कमी करा," बाळासो म्हणाला.

त्या बाई घर सोडून गेल्या. बाळासोने भिंतींना नवा रंग दिला.

पुढच्या भाडेकरूचे नाव मंगल. तिला सांगलीच्या शाळेत नोकरी लागली होती. खोली बघायला तिच्याबरोबर तिचे वडील, हरिबा, आले. आटपाडीकडचा मेंढपाळ माणूस. जन्म मेंढरांमागे माळावर गेलेला. आत येताच त्यांनी नळ सोडला, ओंजळ भरली आणि पाणी चाखून पाहिले.

"मालक, पानी किती येळ येतं?"

"सकाळ-संध्याकाळ. वर टाकी हाय."

"मंगल, घे गं ही खोली. लय जोर हाय पान्याला."

मंगलची भीती उलटी होती. तिने विचारले, "पुराचं पाणी कुठवर आलं होतं?"

"पायरीला शिवून गेलं. आत न्हाई आलं."

दोघांनीही पाणीच पाहिले. एकाला ते कमी पडण्याची धास्ती, दुसरीला ते जास्त होण्याची. निघताना मात्र मंगलने वर पाहिले.

"इथं खिडकी नाही का?"

"व्हती. बुजवली. आता चोर न्हाई, डास न्हाई."

हरिबा हसले. "आमच्या तळावर तर भिंतबी नसायची. खिडकीचं काय घिऊन बसलीस, पोरी!"

मंगलही हसली. तिथेच तो प्रश्न संपला. ज्याने आयुष्यभर आभाळाखाली श्वास घेतला, त्याला हवा तपासून घ्यावी लागते हे कोण सांगणार? मला सांगता आले असते, पण मला तोंड नव्हते.

मंगल शाळेच्या घाईत रोज झटपट आंघोळ उरकायची, म्हणून तिला काही झाले नाही. थंडीत हरिबा डोळे दाखवायला लेकीकडे आले. दवाखान्यात जायच्या सकाळी ते आंघोळीला शिरले. गावी अर्ध्या बादलीत आटपायची सवय, म्हणून पाच मिनिटांत नळ बंद केला. बाहेरून मंगल म्हणाली, "आबा, घ्या की निवांत. इथं पाण्याला तोटा न्हाई."

"व्हय म्हनतीस? मग घेतो गं."

त्यांनी नळ पुन्हा सोडला. मी पुन्हा पेटलो.

कितीतरी वेळ पाणी वाहत राहिले. तो आवाज ऐकत मंगल समाधानाने भाकरी थापत होती. आबा आज मनसोक्त आंघोळ करतायत, असे तिला वाटले. तिने हाक मारली तेव्हा उत्तर फक्त पाण्याचे आले.

शेजाऱ्यांनी दार तोडले. हरिबा गेले होते. डॉक्टरांनी कारण सर्वांसमोर सांगितले: बंद न्हाणीघरात कोंडलेला माझा वायू.

"एवढी वर्सं कुनाला काय झालं न्हाई," बाळासो म्हणाला.

"झालं होतं," मंगल म्हणाली. "शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. तुम्ही पित्त म्हणालात."

मंगलने घर सोडताना माझ्या अंगावरचा तो कागद नखांनी खरवडून काढला. खालचा इशारा तिने दोनदा वाचला.

आता मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आहे. बाळासोनेच मला इथे आणून दिले. दुकानदाराने मला पुसून लख्ख केले आहे आणि 'चालू स्थितीत' अशी पाटी लावली आहे. कुणीतरी मला घेईल. कुठल्यातरी भाड्याच्या घरात मी पुन्हा टांगला जाईन. बाळासोच्या त्या खोलीत नवे भाडेकरू आले आहेत, असे ऐकतो. खिडकी अजून बुजलेलीच आहे.

म्हणून विनवतो, मित्रांनो. घर बघायला जाल तेव्हा नळ जरूर सोडून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. गिझर कुठे आहे ते बघा. न्हाणीघराची खिडकी हाताने उघडून बघा. नसेल तर का नाही ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हसू नका. आधीचे भाडेकरू का गेले, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. हरिबांनी ओंजळीत घेऊन पाणी पाहिले होते. हवा ओंजळीत येत नाही. तिच्यासाठी मान वर करावी लागते.