गौरम्मांनी खोडलेले मेसेज

आयकराच्या रिफंडची चौकशी करायची म्हटली की सुकन्याबाईंना मुरुडच्या गौरम्मांना फोन लावावा लागे. बाई राहायला नायगावात, त्यांची शाळा चौदा किलोमीटरवरच्या खेड्यात आणि रिफंड पाठवणारं ऑफिस बेंगळुरूत. गौरम्मांचा यातल्या कशाशीच संबंध नव्हता. पण ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा.

याला कारण त्यांचे यजमान मल्लिनाथअप्पा. अप्पा शाळेचे जुने क्लार्क. कराचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा शाळेत ई-मेल असलेला माणूस एकटे अप्पाच. त्यांनी सगळ्या शिक्षकांची खाती उघडली, सगळ्यांना आपलाच ई-मेल दिला आणि मोबाईल नंबरही आपलाच. दहा नावं झाल्यावर साइट अकरावं नाव घेईना. मग अप्पांनी गौरम्मांचा नंबर दिला, पुढच्यांना सुनेचा. पासवर्ड सगळ्यांचा एकच. एका रिटर्नचे दोनशे रुपये आणि कपभर चहा. रिटायर होऊन अप्पा लातूरपलीकडे मुरुडला आपल्या गावी गेले, तरी दर जुलैत शाळेतून कागदांचा गठ्ठा त्यांच्याकडे जायचा. आपण स्वतः काही शिकावं असं कुणालाच वाटलं नाही. सुकन्याबाईंनाही नाही.

यंदा त्यांनी घराच्या कर्जाच्या व्याजाचा कागद शाळेत उशिरा दिला. तोवर फेब्रुवारीच्या पगारातून जास्तीचा कर कापला गेला होता. अप्पांनी रिटर्न भरलं, रिफंड निघाला अडतीस हजार चारशे. त्या भरवशावर बाईंनी नांदेडच्या दुकानात पाच हजार भरून स्कूटी ठरवली. रोज सकाळी फाट्यावर जीप भरेपर्यंत थांबायचं, चौदा माणसं झाल्याशिवाय ती हलायची नाही, आणि शाळेत पोचेपर्यंत पोरांची प्रार्थना संपलेली असायची. दुकानदार म्हणाला, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गाडी ठेवतो, पुढचं सांगता येणार नाही.

बरोबरच्या शिक्षकांचे रिफंड ऑगस्टमध्येच आले. बाईंचा दिवाळी तोंडावर आली तरी नाही.

नायगावात बालाजीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. त्यानं पासवर्ड टाकून पाहिला, चुकीचा निघाला. नवा करायचा तर ओटीपी शेवटी बेचाळीस असलेल्या नंबरवर जाणार. आधारवरून करायचा तर आधारला बाईंच्या यजमानांचा जुना नंबर जोडलेला, तो कधीचाच बंद. राहिल्या गौरम्मा.

"अक्का, आत्ता एक मेसेज येईल. सहा आकडे असतील, तेवढे वाचून सांगा."

"कोन बोलतंय?"

"सुकन्या. नायगावची. अप्पांच्या शाळेतली."

"अगं हाव की! जेवन झालं का?"

"झालं अक्का. मेसेज आला का बघा."

"थांब, चष्मा कुठं ठिवला... सूनबाई, चष्मा बघ गं!"

बालाजी स्क्रीनवरचे सेकंद बघत होता. सुकन्याबाई त्याच्याकडे बघत होत्या.

"आला व्हता वाटतं," गौरम्मा म्हणाल्या. "पर मी खोडला."

"का खोडला?"

"साठू दिले की फोन जड व्हतो ना, बाई."

तीन वेळा असंच झालं. बालाजीनं कपाळाला हात लावला. "मॅडम, आता साइट चोवीस तास उघडत नस्ती. तुम्ही त्या अक्काला एखादा नवा फोन घेऊन द्या, हलका."

घरी सुकन्याबाईंचे यजमान दयानंद शेतातून येऊन पाय धूत होते. ऐकून म्हणाले, "सरकारचा पैसा हाय. पळून चाललाय का कुठं?"

"एक दिवस माझ्या जागी जीपच्या फळीवर उभं राहून जा. मग सांगा."

शुक्रवारी बाईंनी आयकराच्या हेल्पलाइनला फोन लावला. अर्धा तास एकच धून वाजत राहिली. पोरांच्या वह्या तपासायच्या होत्या, त्या धुनेवर अठरा वह्या तपासून झाल्या. मग एक मुलगी बोलली. हिंदीत, फार गोड आवाजात. रिफंड मंजूर आहे, ती म्हणाली. पण २०१९-२० या वर्षाचा कर तुमच्याकडे बाकी दिसतो. रिफंड त्या बाकीत वळवायचा आहे. तशी नोटीस तुम्हाला ई-मेलवर पाठवून आज एकोणीस दिवस झाले. एकवीस दिवसांत मान्य की अमान्य ते कळवा. उत्तर आलं नाही तर रक्कम वळती होईल.

"मला नोटीस मिळालेली नाही."

"आमच्या रेकॉर्डला ती पोचलेली आहे, मॅडम."

"त्या वर्षी माझ्या पगारातून कर कापलाय. स्लिप आहे माझ्याजवळ."

"मग अमान्य म्हणून उत्तर द्या, मॅडम. लॉगिन करून."

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. एकविसावा दिवस परवाचा, रविवार.

शनिवारभर अप्पांनी फोन उचलला नाही. गौरम्मांनी आपला उचलला, "ते देवळात गेल्यात" म्हणाल्या आणि ठेवला. रविवारी पहाटे सुकन्याबाई पगाराच्या स्लिपा पिशवीत घालून निघाल्या. नायगाव ते नांदेड, नांदेड ते लातूर. दिवाळीची गर्दी, अहमदपूरपर्यंत उभ्यानं, पायावर कुणाचा तरी फराळाचा डबा. लातूरहून मुरुडची गाडी मिळाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

अप्पा ओसरीवर बसले होते. कपाळावर विभूती, डोळ्यांवर जाड चष्मा. बाईंना बघून ते उठले, पण हसले नाहीत.

"शरणु, सुकन्याबाई. एवढ्या लांब कशाला आलात? फोन करायचा."

"केला होता, अप्पा. काल नऊ वेळा."

गौरम्मा आत शंकरपाळ्या तळत होत्या. त्यांनी बशीभर आणून पुढे ठेवल्या. अप्पांनी लॅपटॉप उघडला, बाईंचा पॅन नंबर टाकला. भिंतीतल्या देवळीत ठेवलेला गौरम्मांचा फोन टिंग वाजला. गौरम्मांनी पिठाचा हात पदराला पुसला, फोन उचलला आणि अंगठा सवयीनं स्क्रीनवर गेला.

"अक्का!" बाई वर्गात ओरडतात तशा ओरडल्या. "हात लावू नका!"

गौरम्मा दचकल्या. "अगं, मला काय म्हायती? हेच म्हनले मला, इन्कमटॅक्सचं आलं की खोडत जा, मला दावू नको म्हनून. बीपी वाढतंय त्यांचं."

सुकन्याबाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा कीबोर्डकडे बघत होते.

बाईंनी स्वतःच आकडे वाचून सांगितले. खातं उघडलं. नोटीस समोरच होती, बरोबर एकवीस दिवसांपूर्वीची. तिच्याखाली आणखी तीन, मागच्या वर्षांच्या. व्याज धरून बाकीचा आकडा रिफंडापेक्षाही थोडा वर गेला होता.

"अप्पा, हे काय आहे?"

अप्पांनी नोटीस वाचलीच नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"लॉकडाऊन होतं," ते म्हणाले. "शाळेनं कोणाचा किती कर कापला त्याचा तक्ता तीन महिन्याला भरावा लागतो. मी घरी बसून भरून राहिलो होतो. दगडोबा शिपाई त्याच साली रिटायर झाला. मी तक्त्यातून त्याचं नाव काढलं. खालची नावं एकेक घर वर सरकली. पॅन नंबर मात्र जागेवरच राहिले."

बाईंना क्षणभर लागला. मग मधल्या सुट्टीनंतरची रांग आठवली. एक पोरगं घरी गेलं की मागची सगळी पुढे सरकतात, दप्तरं तिथंच राहतात, आणि वर्गात जो तो दुसऱ्याचं दप्तर उचलून नेतो.

"म्हणजे माझा कर वरच्या माणसाच्या नावावर गेला?"

"हाव. आन खालच्याचा तुमच्या. त्याचा लई कमी होता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पुढल्या साली. पहिली नोटीस आली तव्हा."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? पाच वर्षं?"

"माझ्या पेन्शनची फाईल गेलेली होती, बाई. शाळेच्या संस्थेला कळलं असतं तर फाईल अडकली असती. म्हनलं पेन्शन सुरू झाली की करू. सुरू झाली, मग लाज वाटायली. तुमचा रिफंड कधी निघतच नव्हता, म्हनून चाललं."

"आता निघाला ना!"

गौरम्मा दारात उभ्या होत्या. झारा हातातच होता. आत शंकरपाळ्या करपल्याचा वास यायला लागला तरी त्या हलल्या नाहीत.

अप्पा उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात बँकेची पिशवी होती.

"अडतीस हजार चारशे हायत. काल काढून आणले. फोन उचलायची हिंमत झाली न्हाई, पर पैसे काढले. हे घ्या. संस्थेत तेवढं सांगू नका."

सुकन्याबाईंनी पिशवीकडे पाहिलं. दुकानातली निळी स्कूटी डोळ्यांसमोर आली. पाडवा तीन दिवसांवर होता. नोटा मोजलेल्या, रबर लावलेल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "दगडोबाच्या खाली किती नावं होती, अप्पा?"

अप्पा म्हणाले, "अकरा."

"बाकीच्या दहांना पण पिशवी देणार?"

"बाकीच्यांचं थोडं थोडं हाय. कोणाचे दोन हजार, कोणाचे तीन. रिफंडातून वळते झाले, कुणाला कळलं बी न्हाई."

"कळणार कसं? अक्कांनी खोडलं की सगळं." बाईंचा आवाज चढला. "अप्पा, मला तुमचे पैसे नकोत. मला माझे पाहिजेत. आता सांगा, काय करता येतं?"

आणि अप्पांनी सांगितलं. न अडखळता सगळं सांगितलं, त्याचाच बाईंना जास्त राग आला. मागणी अमान्य आहे असं आज कळवायचं. कर कापल्याचा पुरावा म्हणून त्या सालचा फॉर्म सोळा जोडायचा, कारण पगारातून कापलेला कर पुन्हा त्या माणसाकडून मागता येत नाही. शाळेनं तो जुना तक्ता दुरुस्त करून भरायचा. तरी हललं नाही तर साइटवरच तक्रार नोंदवायची, आणि मग नांदेडच्या आयकर अधिकाऱ्याला कागदांसकट अर्ज द्यायचा.

"हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, बाई."

ट्रंकेत सगळ्यांचे फॉर्म सोळा सालवार दोऱ्यानं बांधलेले होते. बाईंचा तिसऱ्या मिनिटाला सापडला. अप्पांनी तो फोनवर टिपून चढवला, 'अमान्य'वर टिचकी मारली, कारण लिहिलं. उत्तर पोचल्याचा नंबर आला तेव्हा साडेतीन वाजले होते.

"आता मोबाईल नंबर बदला. माझा टाका. ई-मेलही."

तो ओटीपी बाईंच्या पर्समध्ये वाजला. आपल्याच कराचं आपल्याच फोनवर काहीतरी पहिल्यांदाच आलं होतं.

मग अप्पांनी कोरा कागद घेतला आणि संस्थेच्या नावानं पत्र लिहिलं. अक्षर अजून तसंच, शाळेच्या हजेरीपटावरचं. तक्त्यातली चूक माझी आहे, दुरुस्तीचं काम मी विनामूल्य करून देईन, असं लिहून खाली सही केली. बाईंनी पत्राचा फोटो काढून पत्र पिशवीत ठेवलं.

"आता बाकीच्या दहांना फोन लावा. माझ्यासमोर."

"आजच?"

"मी शेवटच्या गाडीपर्यंत बसते."

अप्पांनी पहिला नंबर लावला. गौरम्मांनी लॅपटॉपशेजारी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि यजमानांना म्हणाल्या, "आता मला खोडायला सांगू नगा. बोला."

सहा जणांशी बोलणं झालं. एकानं शिव्या दिल्या. एकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अप्पा, यंदाचं रिटर्न तुमीच भरनार ना?" तेव्हा सुकन्याबाईंनी डोकं धरलं.

परतीच्या गाडीत त्यांना नांदेडच्या दुकानातून फोन आला.

"मॅडम, पाडव्याला गाडी नेताय ना?"

"नाही. रिफंड यायला वेळ आहे. महिनाभर थांबाल का?"

"न्हाई जमणार, मॅडम. दुसरं गिऱ्हाईक उभं हाय."

"मग माझे पाच हजार परत करा."

"करू की. पर रिफंडला टाइम लागतो बघा. आठ-पंधरा दिवस."

सुकन्याबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पिशवीतून वही काढली, पेन उघडलं आणि तारीख घातली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि पैसे परत करताय तसा मेसेज आत्ताच पाठवा, याच नंबरवर. हा माझाच आहे."