‘कोणतेही’ हा शब्द

धाकट्या बहिणीचे गुडघे गेले होते आणि तिच्या भाड्याच्या घराला तीन जिने. म्हणून थोरलीने आपल्या परसात एक खोली, एक ओटा आणि मोरी एवढंच छोटं घर बांधायचं ठरवलं. नकाशा मंजुरीसाठी नगरपालिकेत गेला, शेजाऱ्यांना नोटीस गेली आणि शेजारचे भाऊजी हरकतीचा अर्ज फडकावतच आले.

“वहिनी, नियमाने हद्दीपासून चार फूट सोडायला हवेत. तुमची भिंत कुंपणापासून अडीच फुटांवर येतेय. मी आपलं तोंडावर सांगणारा माणूस!”

याच माणसाने बावीस वर्षांपूर्वी तक्रार करून तिच्या नवऱ्याची सुतारकामाची शेड पाडायला लावली होती. नवऱ्याने पुन्हा रंधा हातात धरला नाही. शेवटपर्यंत भिंतीकडे बघत बसला. ती काही विसरली नव्हती. त्या दिवशी भाऊजींच्या अंगात कुठला शर्ट होता, तेसुद्धा नाही.

तिने चष्मा लावला. बांधकाम परवानगी खात्यात तीस वर्षं टायपिस्ट होती ती.

“‘या बाईंना परवानगी देऊ नये’? अहो, असं लिहिलंत की आकस दिसतो. असले अर्ज ढिगाखाली जातात. ‘सरकारी मोजणी करून, हद्दीचा नियम मोडणारे कोणतेही बांधकाम, झालेले वा होणारे, हटवावे’ असं लिहा.”

“सवय जात नाही तुमची!” भाऊजी हसले आणि तिथेच बसून तसं लिहून काढलं.

कुंपण म्हणजेच हद्द, असं सगळी गल्ली धरून चालली होती. पण ते कुंपण तिच्या नवऱ्याने एका झाडाची मुळं वाचवायला आपल्याच जागेत दीड फूट आत घातलं होतं. झाड वाळलं, नवरा गेला. मग भाऊजींनी कुंपणाला चिकटून गाडीची शेड ठोकली, तेव्हा ती खिडकीतून बघत होती. मूग गिळून.

मोजणीदाराने फीत ताणली, फरशी उखडली. हद्दीचा दगड भाऊजींच्या शेडमध्येच निघाला.

“बाईंची भिंत बरोबर चार फुटांवर बसते,” तो म्हणाला. “तुमची शेड मात्र दीड फूट त्यांच्या जागेत. अर्ज तुमचाच ना? ‘कोणतेही’ लिहिलंय.”

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. “वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं!”

“होतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलंत कुठे?”

संध्याकाळी ते संमतीपत्र घेऊन आले. तिच्या एका सहीने शेड वाचणार होती. तिने कागद वाचला, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवली आणि सही न करता परत दिला.

“सही द्यायची होतीस गं ताई,” ते गेल्यावर धाकटी म्हणाली. “शेजार आहे.”

“आमच्या ह्यांच्या शेडसाठी कुणी दिली होती?”



खोलीला मंजुरी मिळाली. शेड पाडायला माणसं आली त्या सकाळी थोरली परसात खुर्ची टाकून बसली. पत्रे धडाधड खाली येत होते.

“आत ये, धूळ उडतेय,” धाकटीने हाक मारली.

“उडू दे,” ती म्हणाली आणि खुर्ची जरा पुढे ओढली.