पांढऱ्या दाराची गाडी

अमेरिकेतल्या आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, माणसं सहाशेच्या आत आणि गुरं साठ हजारांच्या वर. वाळूच्या टेकड्या, त्यांवर गवत, आणि गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या. डांबरी रस्ता एकच, तोही दुसरीकडे निघालेल्यांसाठी केलेला. मी टपालाची गाडी चालवते, त्यामुळे उरलेल्या कच्च्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा माझ्या कमरेला ठाऊक आहे.

समोरून गाडी आली की आम्ही हात करतो. त्यातही प्रकार आहेत. परका असेल तर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, आपला असेल तर अख्खा पंजा. हे लांबूनच ठरवावं लागतं, कारण जवळ येईपर्यंत धुळीत तोंड दिसत नाही. म्हणून आम्ही माणूस ओळखत नाही, गाडी ओळखतो.

नेमेसिओ पवनचक्क्या दुरुस्त करायला आमच्याकडे आला तो बायको ओरालिया आणि तीन पोरं घेऊन. मूळचा मेक्सिकोचा. पहिल्या वर्षी तो एका राखाडी गाडीतून फिरायचा आणि त्याच्या वाट्याला एकच बोट यायचं. पण त्याच्या तीन पोरांमुळे आमची शाळा वाचली. नाहीतर उरलेल्या पाच पोरांसाठी ती कोण चालू ठेवणार होतं? ती बंद पडली तर माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या नशिबी रोज जाताना दीड तास आणि येताना दीड तास बसचा प्रवास.

वसंतात म्हातारा डेलमर गेला. त्याच्या बायकोनं, ओपलनं, त्याची पिकअप नेमेसिओला विकली. गाडी हिरवी, आणि एक दार तेवढं पांढरं, भंगारातून आणून बसवलेलं. दोन मैलांवरून कळावं की डेलमर आला. मग काय, सवयीनं सगळ्यांचे पंजे वर जायला लागले.

ओरालिया एकदा टपालपेटीपाशी उभीच होती. "सेन्योरा, आता लोक ह्याला पूर्ण हात करतात. घरी आला की आधी तेच सांगतो, आज कोणी कोणी केला. म्हणतो, इथंच घर बांधू."

"बांधा की," मी म्हटलं. खरं ते जिभेवर आलं होतं, पण गिळलं. कोणाच्या आनंदात माती कालवायची मला हौस नाही.

ती हौस आमच्या गुरंवाल्या रोलंडला आहे. सप्टेंबरात एका सकाळी मी गुरांच्या खाद्याच्या दुकानात टपाल टाकायला गेले, तर हा गल्ल्यापाशी कॉफी पीत बसलेला.

"काल मी परत मेलेल्या डेलमरला हात केला!" मांडीवर थाप मारत तो म्हणाला. "गाडी दिसली की हात आपोआप वर. जवळ आल्यावर बघतो तर तो चक्कीवाला! मोडली पाहिजे बाबा ही सवय."

नेमेसिओ मागंच होता. गुरांना चाटायला ठेवतात त्या मिठाच्या विटा उचलत होता. हातातली वीट त्यानं हळूच जागेवर ठेवली आणि काही न घेता बाहेर निघून गेला.

"रोलंड, तुझ्या तोंडाला फाटक नाही का रे?"

"अगं, मी त्याला कुठं काय बोललो?" म्हणाला, पण कान लालबुंद झाले होते.

त्यानंतर नेमेसिओ रस्त्यात दिसला की मी पंजा उचलायची आणि तो सरळ पुढं बघत निघून जायचा. मग ऐकलं की पूर्वेकडं कुठल्या कत्तलखान्यात त्याला काम मिळतंय. मला रात्री झोप लागेना.

आठवड्यानं ओपलकडं टपाल घेऊन गेले तर अंगणात हिरवी पिकअप उभी, आणि मागं राखाडी गाडीत ओरालिया. नेमेसिओ पायरीवर उभा राहून ओपलपुढं चावी धरत होता.

"ही परत घ्या. लोक तुमच्या नवऱ्याला हात करतात. मी उगाच मधे."

ओपल त्याच्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मला तिचा रागच आला.

"डेलमर कुठला होता, माहितीये?" ती म्हणाली. "आयोवाचा. इथं आला तेव्हा काळं कुत्रं विचारत नव्हतं त्याला. मग त्यानं ही गाडी घेतली, गस स्वोबोदाकडनं. गस वृद्धाश्रमात गेला आणि लोक आपले गसला हात करतायत! डेलमर घरी येऊन म्हणाला, ओपल, ते गाडीला हात करतात, मीही त्यांना उलटून हात करत राहतो, बघू आधी कोण दमतं."

"मग?" नेमेसिओनं विचारलं.

"मग काय! त्याच्या मयताला अख्खी काउंटी आली होती. आणि ती चावी ठेव खिशात. माझी उत्तरेची चक्की पाणी ओढत नाहीये."

त्यानं चावी खिशात ठेवली खरी, पण "विचार करतो" एवढंच म्हणाला. ओरालिया गाडीतून उतरलीसुद्धा नाही.

शुक्रवारी शाळेवरून येत होते. वारा असा सुटला होता की गाडी हातात राहत नव्हती. समोर धूळ, धुळीत ते पांढरं दार. मी पंजा उचलला, आणि ह्यावेळी गाडी नाही बघितली, तोंड बघितलं. दमलेलं होतं, दाढी वाढलेली.

तो थांबला. रस्त्याच्या मधोमध, माझ्या खिडकीला खिडकी लावून, इंजिन चालूच. असं आमच्यात फक्त आपली माणसं थांबतात. मागून कोणी येणार नसतंच. त्यानं काच खाली केली.

"काय हा वारा, आर्लिस!" तो करवादला. आजवर त्याच्यासाठीही मी सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, होते; नावानं हाक आजच. "चक्कीवर चढलो तर पँटसकट उडवून नेईल."

आमच्याकडं रस्त्यात रडत नाहीत.

"हा कसला वारा? फेब्रुवारीत बघ."

"बघू फेब्रुवारीत," तो म्हणाला, आणि काच वर करून पोरांना आणायला शाळेकडं गेला.